नाशिकमधली एक केबल वृत्तवाहिनी बंद झाली तेव्हा

नाशिक शहरापुरती चालणारी ही वाहिनी २००१ मध्ये सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री तिचं शेवटचं बातमीपत्र गेलं. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं मी तिथे डेस्कवर होते, नंतर शिकवायला लागले. जानेवारी २०२३ मध्ये मालकांचा फोन आला, "अगं, एकदा येऊन हिशेब बघून जा." त्यानंतर शेवटपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी तिथेच होते. वाहिनीचं, माणसांचं, केबल कंपन्यांचं नाव इथे घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मालकांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून इथेही अण्णाच.

बंद करण्याचा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते. पण तो उशिरा झाला, आणि झाल्यावर माणसांना उशिरा सांगितला गेला. या दोन उशिरांची झळ कोणाला बसली, ते नीट लिहून ठेवायचं आहे.

पार्श्वभूमी

आपल्याकडे हवेतून थेट अँटेनावर येणारा टीव्ही दूरदर्शनकडेच राहिला. आता तोही काळ सरला. मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीनं ठरवलं. खाजगी बातम्या आल्या त्या उपग्रहावरून आणि केबलमधून. एका शहरापुरत्या बातम्या द्यायच्या तर उपग्रह परवडणारा नव्हता. राहिली गल्लीतल्या केबलवाल्याची तार. अण्णांनी तीच धरली.

रविवार कारंजाजवळ दोन खोल्या, एक कॅमेरा, एडिटिंगला एक संगणक. रात्री आठचं बातमीपत्र साडेसातला कॅसेटवर उतरायचं. एक कॅसेट शहरातल्या कंट्रोल रूमला, दुसरी स्कूटरवरून नाशिकरोडला. द्वारका चौकात गाडी अडकली की नाशिकरोडच्या बातम्या दहा मिनिटं मागे. तरी लोक थांबायचे.

कशासाठी थांबायचे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे की छातीला, यावर सराफ बाजारातला माणूस माल वर उचलायचा की नाही ते ठरवतो. आमचा कॅमेरा तिथे उभा असायचा आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा पट्टीवर बदलत राहायचा. राज्यभराच्या वाहिनीवर ही बातमी दोन मिनिटांची होती. आमच्याकडे ती रात्रभर चालायची. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. मी रुजू व्हायच्या आधीची ही गोष्ट, पण जुन्या माणसांनी ती मला इतक्यांदा सांगितली की त्या दिवशी कार्यालयातला फोन कसा वाजत होता ते मी ऐकल्यासारखं वाटतं. माणसं चुकलेल्यांची नावं सांगत होती आणि निवेदिका ती तशीच वाचून दाखवत होती.

आणि रोजची निधन पट्टी. नाव, वय, राहणार सिडको किंवा पंचवटी, दशक्रिया विधी रामकुंडावर सकाळी आठ वाजता. पैसे फार थोडे घ्यायचो. पण त्या पट्टीसाठी म्हाताऱ्या माणसांनी रिमोट हातात धरलेला असायचा.

अडचण कशी वाढत गेली

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं की मोबाइलनं वाहिनी मारली. ते अर्धंच खरं आहे.

पहिला धक्का ३१ मार्च २०१३ चा. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यांत नाशिक होतं. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. तोवर गल्लीतला केबलवाला आम्हाला आठव्या नंबरावर ठेवायचा. आता सगळा कारभार एमएसओच्या, म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या, हेडएंडवर (मुख्य नियंत्रण केंद्रावर) गेला आणि आमचा नंबर तीन आकडी झाला. महिनाभर फोन येत होते, "आमची वाहिनी गेली कुठे?" नंबर कोणता, तो किती काळ टिकेल, बदलला तर किती दिवस आधी सांगणार, यातलं काहीच लेखी नव्हतं. अण्णांचा शब्दावर विश्वास होता आणि समोरची माणसं तेव्हा ओळखीची होती.

दुसरा धक्का १ फेब्रुवारी २०१९ चा. ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दररचना लागू झाली. १०० वाहिन्यांपर्यंत नेटवर्कचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसे मोजायच्या वाहिन्यांचे वेगळे. आमच्या भागात बऱ्याच घरांनी दुसऱ्या टीव्हीचं कनेक्शन काढलं, काहींनी छतावर डिश बसवली. डीटीएचवर आम्ही नव्हतो. केबल सोडणारं प्रत्येक घर आमच्यापुरतं कायमचं गेलं.

हे आकड्यांत दिसायला वेळ लागला, कारण आमच्याकडे टीआरपी नव्हता. दिसलं ते मेनरोडवरच्या एका साडीच्या दुकानात. आमचा जाहिरातीचा माणूस दिवाळीची ऑर्डर घ्यायला गेला होता. शेठ गेली १५ वर्षं जाहिरात देत होते. त्यांनी चहा मागवला, वही उघडली आणि म्हणाले, "भाऊ, नातवाच्या हट्टानं डिश घेतली. आता माझ्याच घरात तुमची वाहिनी दिसत नाही. मग माझी जाहिरात बघतं कोण?" त्यानं कार्यालयात येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. अण्णा म्हणाले, "एका दुकानानं काय होतं." माझ्या मते पहिला खरा निर्णयबिंदू तोच होता, आणि तो चहाच्या कपासोबत उचलला गेला.

२०२० मध्ये टाळेबंदीत वर्तमानपत्रं घरी येईनात तेव्हा आमचा प्रेक्षक अचानक वाढला. बाजार मात्र बंद, त्यामुळे जाहिरात शून्य. अण्णांनी घरचे पैसे घालून पगार केले. लोक बघताहेत म्हणजे वाहिनी जिवंत आहे, असा त्यांनी अर्थ काढला. मला तो अर्थ समजतो. तेव्हा तिथे असते तर मीही तोच काढला असता.

मग मार्च २०२२. महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. याचा वाहिनीशी काय संबंध? महापालिकेत १२२ नगरसेवक होते. प्रत्येकाचा वाढदिवस, म्हणजे सरासरी दर तिसऱ्या दिवशी एक. शुभेच्छांची जाहिरात हा आमच्यासारख्यांचा कणा होता, दिवाळी आणि पाडव्यापेक्षाही भरवशाचा. पद गेलं, वाढदिवसाचे फलक उतरले, आमचा कणा मोडला. अशा पैशावर बातमीचं दुकान चालावं का, हा प्रश्न आम्ही कधी मोकळेपणानं विचारला नाही. एखाद्या प्रभागातल्या नळाची बातमी आम्ही सौम्य केली असेल, तर ती याच पैशामुळे.

शेवटचा घाव ३० नोव्हेंबर २०२२ चा. माहिती व प्रसारण मंत्रालयानं एमएसओंच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी, ज्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' म्हणतात, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या जाळ्यावर चालणारी आमची वाहिनीही त्यांतच मोडायची. दर वाहिनीला १,००० रुपये भरून ऑनलाइन नोंदणी आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपणं, इतपत सोपं होतं. अडचण दोन अटींची. स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कायद्यानं कंपनीच असला पाहिजे. आणि एका एमएसओवर दिसणारा कार्यक्रम दुसऱ्याला देता येणार नाही. जुळवून घ्यायला १२ महिने दिले होते. आमचं बातमीपत्र दोन एमएसओंच्या जाळ्यांवर जायचं. त्यातला एक भागीदारी फर्म होता. कंपनी करण्यापेक्षा स्थानिक बातम्याच काढून टाकतो, असं त्यानं कळवलं.

समोरचे पर्याय

फेब्रुवारी २०२३ मध्ये अण्णा, त्यांचे सीए, आमचा जाहिरातीचा माणूस आणि मी असे चौघं बसलो. खर्चाच्या तीन हिश्श्यांतला एक हिस्सा दर महिन्याला अण्णांच्या खिशातून जात होता.

उरलेल्या एकाच एमएसओसोबत चालू राहायचं, हा एक मार्ग. ती कंपनी तयार होती, पण नाव तिचं, बातमीपत्रावर शेवटचा हात तिचा, आणि घरं निम्मी. अण्णांनी तो पाच मिनिटांत नाकारला. मला वाटतं, त्यावर निदान पाच दिवस बोलायला हवं होतं. नाव गेलं असतं, पण सहा-सात माणसांची नोकरी राहिली असती.

वाहिनी विकणं हा दुसरा. राजकारणातल्या एका गृहस्थांना निवडणुकीआधी ती हवी होती. त्यांच्यासोबतच्या बैठकीत आमच्या निवेदिका ताईंनी त्यांना सरळ विचारलं, "निवडणूक झाल्यावर आमचा पगार कोण करणार?" उत्तर गोड होतं, पण त्यात आकडा नव्हता. तरी अण्णा त्या आशेवर राहिले. निवडणूक पुढे ढकलली जात राहिली, गृहस्थ थंड होत गेले, आणि मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने वाट बघण्यात गेले. दर महिन्याची तूट तशीच वाढत होती.

यूट्यूबवर जाणं हा तिसरा. तिथे लांब व्हिडिओ टाकायचे तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सुरू होत नाही. शिवाय डिजिटल बातम्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणं, मंत्रालयाला माहिती देणं आलं. अवघड यातलं काही नव्हतं. आम्ही तीन महिने प्रयत्न केला, पण अर्ध्या तासाचं बातमीपत्र जसंच्या तसं रात्री दहाला टाकत राहिलो. फोनवर बघणाऱ्याला गंगापूर रोडची एक बातमी ४० सेकंदांत हवी असते, हे आमच्या तरुण बातमीदारानं दोनदा सांगितलं. प्रयोग फसला असं आम्ही म्हणालो. खरं तर आम्ही तो केलाच नाही.

चौथा मार्ग बंद करण्याचा. तो कागदावर शेवटी लिहिला होता, म्हणून त्याची तयारीही शेवटीच सुरू झाली.

काय केलं

निर्णय झाला तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबर २०२३ ला. आदल्या रात्री विसर्जन मिरवणूक आम्ही नेहमीसारखी दाखवली होती. सकाळी अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही शेवटची मिरवणूक. आता पुरे."

पुढचा प्रश्न होता, सांगायचं कधी. जाहिरातीच्या माणसाचं म्हणणं, "बंद पडतेय हे बाजारात कळलं की उधारी एक रुपया वसूल होणार नाही. दिवाळी जाऊ द्या." त्याचं चुकत नव्हतं, बाजार तसाच आहे. मी म्हटलं, "अण्णा, निदान आपल्या माणसांना आज सांगू." अण्णांनी दसऱ्याच्या तोंडावर माणसांची तोंडं उतरलेली बघवणार नाहीत म्हणून नको म्हटलं. मी फार ताणलं नाही.

आमचा तरुण बातमीदार दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, नवीन मोटारसायकलवर पेढे घेऊन आला. हप्त्यावर घेतली होती. हँडलला झेंडूची माळ होती, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. "मॅडम, आता नाशिकरोडची बातमी कधी चुकणार नाही." मी पेढा हातात घेतला. त्याला तेव्हाच बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. २ नोव्हेंबरला अण्णांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, पण त्याच्या दोन दिवस आधी शालीमारच्या चहाच्या टपरीवर त्याला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं होतं.

देणी. अण्णांची समजूत होती की आपण आता नऊच माणसं, ग्रॅच्युइटी कायदा दहापासून लागतो, म्हणून आपल्याला नाही. सीएंनी ती दुरुस्त केली. तेव्हा लागू असलेला १९७२ चा कायदा एकदा लागला की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी तो सुटत नव्हता. आमच्याकडे एके काळी १६ जण होते. पाच वर्षं झालेल्या प्रत्येकाला शेवटच्या पगाराला २६ नं भागून, १५ नं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणून रक्कम द्यायची होती. १३,००० रुपये मूळ पगार आणि महागाई भत्ता असलेल्या, १८ वर्षं काढलेल्या माणसाचे १,३५,००० होतात. अण्णांनी तो आकडा कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा करून पाहिला.

त्याहून कठीण होतं नोकरी सिद्ध करणं. बातमीदारांना नेमणूकपत्रं नव्हती, व्हाउचरवर मानधन जायचं. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांपुरता, टीव्हीतल्या माणसाला त्याचा आधार नव्हता. आमच्या ज्येष्ठ कॅमेरामननं, त्यांना सगळे मामा म्हणतात, बँकेची जुनी पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली. २००५ पासून दर महिन्याची नोंद. ती पिशवी टेबलावर आल्यावर अण्णा म्हणाले, "मामा, तुम्हाला कागद दाखवायची वेळ आणली मी." आणि व्हाउचरवाल्यांनाही नोकरदार धरायचं ठरलं. या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय.

टेपा. कपाटांत सुमारे १,४०० मिनी डीव्ही टेपा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटी, होत्या. पाठीवर शाईच्या पेनानं मजकूर: 'पूर, सप्टें. २००८, रामकुंड, मामा.' 'रंगपंचमी, रहाड.' काहींवर पांढरी बुरशी. अशी टेप संगणकावर उतरवायची तर ती पूर्ण चालवावीच लागते, ६० मिनिटांची टेप म्हणजे ६० मिनिटं, आणि साधारण १३ जीबी जागा. दोन डेक, म्हणजे टेप चालवायची यंत्रं, रोज आठ तास चालवले तर १६ टेपा. सगळ्या व्हायला तीन महिने आणि १८ टीबी जागा. आमच्याकडे एक चालू डेक आणि चार आठवडे होते.

काय निष्पन्न झालं

शेवटच्या रात्री निवेदिका ताईंनी नेहमीसारख्या बातम्या वाचल्या, शेवटी दोन वाक्यांत निरोप घेतला. निधन पट्टी त्या दिवशीही चालली. दुसऱ्या दिवसापासून त्या नंबरावर निळा पडदा. आठवडाभर लोकांनी फोन केले, बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे.

उधारी निम्मी वसूल झाली. म्हणजे गुप्तता राखून जे वाचवायचं होतं ते निम्मंच वाचलं. ग्रॅच्युइटी कायद्यानं ३० दिवसांत द्यायची होती. अण्णांनी सातपूरचा गाळा विकला तेव्हा, आठ महिन्यांनी, ती पूर्ण झाली. सगळ्यांना मिळाली, पण त्या आठ महिन्यांत दोघांनी सोनं गहाण टाकलं. तरुण बातमीदार आता स्वतःच्या फोनवर सिडको-अंबडच्या बातम्या करतो, छोट्या, ४० सेकंदांच्या. मोटारसायकलचे तीन हप्ते त्याच्या वडिलांनी भरले.

टेपांपैकी १६० च्या आसपास उतरवून झाल्या. आणि एक गोष्ट कायमची हातची गेली. ऑक्टोबरमध्ये थकलेलं भाडं भागवायला आम्ही एडिटिंगचे तीन संगणक विकले. २०१२ नंतरचं चित्रीकरण टेपेवर नव्हतंच. ते मेमरी कार्डावर व्हायचं, कार्ड पुन्हा वापरायचं, आणि जे काही राहायचं ते या संगणकांच्या डिस्कवर. विकायच्या आधी डिस्क काढून ठेवा, एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही. मीही नाही, आणि यादी मी केली होती. २ ऑगस्ट २०१६ चा पूर, ४ ऑगस्ट २०१९ चा पूर, टाळेबंदीतलं रिकामं मेनरोड, सगळं त्यात होतं. घेणाऱ्याकडे गेलो तोवर त्यानं डिस्क कोऱ्या केल्या होत्या. टेपेच्या जुन्या काळातलं नाशिक शिल्लक आहे, अलीकडचं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

२०१३ मध्ये एमएसओशी लेखी करार. नंबर, मुदत, बदलाची आगाऊ सूचना, तिन्ही गोष्टी एका पानात मावल्या असत्या. तेव्हा आमच्यामागे लोक होते, म्हणून आमच्या मागणीला वजन होतं. २०१९ नंतर ते राहिलं नाही.

२०१९ मध्ये, साडीवाल्या शेठनी सांगितल्यावर, शंभर घरांत जाऊन केबल आहे की डिश एवढंच विचारायला हवं होतं. दोन रविवारांचं काम. बंद करायचं की बदलायचं याची चर्चा तीन वर्षं आधी सुरू झाली असती आणि अण्णांच्या हातात पैसाही असता. सातपूरचा गाळा आधीच विकला असता तर तोच पैसा सन्मानानं देणी द्यायला पुरला असता. तूट सुरू झाली त्या महिन्यापासून माणसांच्या ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला हवी होती. अण्णांनी घरचा पैसा ओतला, तो मनापासून ओतला, पण वाहिनी चालू ठेवायला. माणसांसाठी बाजूला काही काढलं नाही.

विक्रीच्या बोलण्याला तारीख हवी होती. ३० एप्रिलपर्यंत लेखी प्रस्ताव, नाहीतर विषय संपला.

सांगण्याबद्दल माझं मत ठाम आहे. २९ सप्टेंबरच्या दुपारीच नऊ माणसांना सांगायला हवं होतं, बाजाराला नंतर. त्यांना विश्वासात घेऊन गप्प राहायला सांगितलं असतं तर ते राहिले असते. जी माणसं २० वर्षं पुराच्या रात्री घरी गेली नाहीत, ती पाच आठवडे एक गोष्ट पोटात ठेवू शकली नसती, असं आम्ही गृहीत धरलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सामान विकायच्या यादीत पहिली ओळ डिस्कची.

उरलेल्या टेपा मामांच्या सिडकोतल्या घरी, लोखंडी कपाटात आहेत. पावसाळ्यात ते कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बदलतात आणि अधूनमधून काही टेपा उलगडून पुन्हा गुंडाळतात, म्हणजे पट्टी चिकटत नाही. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीला २००३ च्या सिंहस्थाचं चित्रीकरण हवं होतं. मामांनी तिला ती टेप काढून दाखवली, पाठीवर त्यांचंच अक्षर. डेकचं हेड मात्र झिजलं आहे, चित्रात चौकोन पडतात. दुसरा चालू डेक कोणाकडे असेल याची आम्ही चौकशी करतो आहोत.